ज्ञानूला कुणी मारलं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या बायकांची झंपरं धोंडुबाईंनी शिवलेली. सगळ्यांशी त्या भरभरून बोलायच्या, नवऱ्याविषयी मात्र अवाक्षर काढायच्या नाहीत.

नवरा ज्ञानू लष्करी कँटीनमध्ये कामाला होता. एका कंत्राटदाराच्या नादानं तो विलायतेला गेला आणि तिथून उत्तर आयर्लंडात, बेलफास्टच्या ब्रिटिश छावणीत चहा विकू लागला. ब्रिटिशांना हाकलायला तिथल्या आयरिश लोकांनी बंदुका उचललेल्या. १९७४ साली ज्ञानू छावणीतून खोलीवर परतत असताना त्यांच्यातल्या दोघांनी त्याला भररस्त्यात गोळ्या घातल्या. ‘लष्कराची चाकरी करत होता,’ असं त्यांचं पत्रक निघालं. धोंडुबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या, पदरात दीड वर्षाची पोर. प्रेतसुद्धा आलं नाही.

सासरे गणपतराव बेचाळीसच्या चळवळीतले. तार वाचून त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. “गोऱ्यास्नी चहा पाजत हुता. त्या लोकांचं काय चुकलं?” एवढंच म्हणाले. घरात ज्ञानूचं नाव बंद झालं. दर पंधरा ऑगस्टला गणपतरावांना शाल मिळायची. ती घडी घालून ठेवायचं काम धोंडुबाईंचं.

पुढं म्हातारे अंथरुणाला खिळले. एके दिवशी पेज भरवताना धोंडुबाईंना राहवलं नाही. “मामंजी, तुमच्या वाटंत असा चहावाला आला असता, तर?”

गणपतरावांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, “आलता की.”

मलकापूरजवळच्या एका डाकबंगल्याला त्यांनी आग लावली होती. साहेब आत नव्हताच. आत गुंडू नावाचा खानसामा झोपलेला. “वरडत हुता. आमी पळालो.”

त्याच आठवड्यात ते गेले. धोंडुबाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी नात संयोगितानं ज्ञानूच्या तपासाची माहिती मागवायला तिकडं अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं. तपास कधी पुरा झालाच नव्हता, आणि असे जुने तपास बंद करणाऱ्या तिकडच्या नव्या कायद्यानं आता होणारही नव्हता. त्याला कुठं पुरलं, त्याचीही नोंद नव्हती.

“आज्जी, कोण होते ते आता कळायचं न्हाय,” संयोगिता म्हणाली.

धोंडुबाईंच्या हातातलं झंपर गळून पडलं. तिकडं कुणाला तरी ठाऊक असेलच की. ठाऊक असून तो गप्प बसलाय. आणि आपण इतकी वर्षं काय केलं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलकापूरची एसटी धरली. विचारत विचारत गुंडूच्या लेकीचं घर सापडलं. आक्का सत्त्याऐंशीची, दारात बसून तांदूळ निवडत होती.

“कुठलं पावणं?”

“कोल्हापूरची. तुमच्या वडलांचं सांगायचं हाय. त्यो बंगला ज्यांनी पेटवला, त्यातलं एक...”

आक्काचे हात थांबले. “बास. आई म्हणायची, चुलीची ठिणगी उडाली. तेवढ्यावर मी म्हातारी झाले. आता तुमी नाव सांगून जाणार, ते मी कुठं ठिवू?”

“माझ्या बी नवऱ्याला असंच...”

“मग तुमाला तर कळाय पायजे हुतं.”

आक्का भिंतीला धरून उठली आणि तिनं दार लावून घेतलं. सूप बाहेरच राहिलं. धोंडुबाई तिथंच बसून राहिल्या. शेजारणीनं पाणी आणून दिलं, तेव्हा त्या उठल्या.

घरी आल्यावर संयोगितानं विचारलं, “ते कोण होते ते शोधायला दुसरा अर्ज करू का, आज्जी?”

ते नाव कळलं, तर आपण तरी ते कुठं ठेवायचं? पायातली चप्पलही न काढता त्या दारातच उभ्या राहिल्या.