मशीन किती वेळा थांबली

वाचनालयात माझ्या मामांना सगळे जज्जसाहेब म्हणायचे. मामांनी सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरचे आकडे उतरवण्यात घालवला, कोर्टाची पायरी कधी चढले नाहीत. पण पुस्तक असो की जुना सिनेमा, निकाल द्यायचे ते मामांनीच. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वाचनालयाच्या दाराजवळच्या फलकावर ते स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद लावायचे. लोक पुस्तकांआधी तो कागद वाचायचे.

एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "राजाला घोड्यावर बसायला पंचवीस पानं लागतात. घोडा तोवर उभा कसा राहिला, हे लेखकाने सांगायला हवं होतं." जुळ्या भावांच्या एका सिनेमाबद्दल लिहिलं, "ओळखू यावा म्हणून एकाच्या गालावर तीळ दिला आहे. मध्यंतरानंतर तीळ दुसऱ्या गालावर जातो." रहस्यकथेबद्दल, "खुनी आचारी आहे हे आपल्याला चौथ्या पानावर कळतं, पोलिसाला दोनशेव्या. पण आचारी मोठा गोड माणूस आहे, जरूर वाचा." प्रत्येक मताखाली टिंबं असायची. कधी एक, कधी तीन, कधी एकही नाही. टिंबं कशाची, हे मामांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन दिसली की लोक त्या पुस्तकावर तुटून पडायचे, एवढं खरं.

मामी गेली आणि फलक रिकामा झाला. मूलबाळ नव्हतं. घरात मामा आणि खिडकीपाशी मामीची पायमशीन, एवढेच उरले. मामी घरीच शिवायची आणि सकाळी आम्हा चार-पाच मुलींना शिवण शिकवायची. आज माझं स्वतःचं दुकान आहे ते तिच्यामुळे. गिऱ्हाइकं म्हणतात, हिच्या कात्रीपेक्षा हिची जीभ धारदार. खोटं कशाला बोलू, आहेच. त्या जिभेने एकदा मला चांगलंच तोंडघशी पाडलं, तेच सांगायला बसले आहे.

सहा महिन्यांनी ग्रंथपाल बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "तुझे मामा पुस्तकं नेतात, वेळेवर परतही आणतात. कागद मात्र नाही. विचारलं तर म्हणतात, वाचलं, पण कसं आहे ते कळलं नाही. तूच बघ बाई काहीतरी."

रविवारी दुपारी मी मामांकडे गेले. जिन्यातच मशीनचा आवाज आला आणि मी उरलेल्या पायऱ्या धावतच चढले. दार उघडंच होतं. मामा मामीच्या स्टुलावर बसून पॅडल मारत होते. सुईखाली उशीचा जुना अभ्रा होता, आणि मामा त्या अभ्र्याला एका कादंबरीची गोष्ट सांगत होते. मला बघून ओशाळले.

"बरी आलीस," ते म्हणाले. "ही चालतेय, पण शिवत नाहीये. टाका पडतच नाही."

मी खालची पट्टी सरकवली. "पडेल कसा? बॉबिन संपलीय. खालच्या दोऱ्याचं रीळ केवढंसं असतं, मामा! ते संपलं की थांबायचं, नवीन भरायचं, मग पुढे. मामी नाही का मधे मधे थांबायची?"

मामांचा पाय पॅडलवरच राहिला. "त्यासाठी थांबायची?"

"मग काय हौस म्हणून?" मी म्हणाले आणि हसलेसुद्धा.

मामा उठले. त्यांनी कपाटातून एक वही काढली आणि माझ्या हातात दिली. राजाचा घोडा, तीळ, आचारी, सगळं त्यात होतं. आणि प्रत्येक मतापुढे लिहिलं होतं, "मशीन एकदा थांबली." "मशीन तीनदा थांबली." "मशीन थांबली नाही." कवितांच्या पुस्तकापुढे होतं, "याला गोष्ट नाही. सांगता आली नाही."

मामा म्हणाले, "रोज कचेरीतून आलो की वाचलेलं, पाहिलेलं तिला सांगायचो. ती मान खाली घालून शिवायची. कसं वाटलं विचारलं तर म्हणायची, बरं आहे. सगळ्यालाच बरं आहे! मग माझ्या लक्षात आलं, गोष्ट पकड घेते तेव्हा ती मशीन थांबवते. मी टिंबं द्यायला लागलो. चाळीस वर्षं दिली." ते खिडकीकडे बघत राहिले. "म्हणजे दोरा संपत होता. ती ऐकत नव्हती."

जीभ हासडून टाकावी असं वाटलं. एकदा गेलेली त्यांची बायको मी दुसऱ्यांदा नेली होती, आणि तीही हसत हसत.

"ऐकायची, मामा," मी म्हणाले.

"उगाच समजूत घालू नकोस."

"समजूत नाही. सकाळी आम्ही काजं-बटणं करत बसायचो ना, तेव्हा मामी गोष्टी सांगायची. काल ह्यांनी सांगितली, असं म्हणून सुरू करायची. घोडा, आचारी, सगळे मला तिच्याकडूनच माहीत. हातशिलाई करता करता मी कितीदा रडलेय त्या नावाड्याच्या सिनेमाला."

मामा वळले. "नावाड्याचा? नदीवर पूल होतो तो?"

"तोच. पूल झाल्यावर नाव बंद पडते. शेवटच्या दिवशी तो म्हातारा एकटाच नाव वल्हवत पलीकडे जातो, रुसून गेलेल्या मुलीच्या घरी. दाराला कुलूप असतं."

"हां. आणि तो परत फिरतो. संपला सिनेमा."

पुढचं सांगावं की नको? मामीने मला बजावलं होतं, त्यांच्यापाशी बोलू नकोस, रुसतील. पण आता कोण रुसायचं होतं आणि कुणावर?

"मामी तसं नाही सांगायची," मी म्हणाले. "शेजारीण बाहेर येते, म्हणते, किल्ली माझ्याकडेच असते, ती येईल इतक्यात, तुम्ही बसा आत. तो आत जाऊन बसतो. तिथे संपवायची."

"असं कुठेही नाहीये!" मामा ओरडले. सहा महिन्यांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "कुलूपच आहे! शेवटपर्यंत कुलूप आहे!"

"आम्हीही विचारायचो, खरंच असं आहे का. मामी म्हणायची, सिनेमावाल्यांचं त्यांच्यापाशी. एवढं वल्हवत आलेल्या माणसाला कुलूप दाखवून परत पाठवायचं नसतं."

मामांनी माझ्या हातातून वही घेतली. पानं उलटत नावाड्याच्या सिनेमापाशी आले. तिथे होतं, "मशीन थांबली नाही." त्यांनी ते खोडलं आणि खाली सावकाश लिहिलं, "शेवट तिने बदलला. तिचाच बरा."

मी बॉबिन भरून दिली, दोरा वर ओढला, अभ्रा नीट केला. ते मशीनजवळ आले, पण बसले नाहीत. रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाले, "एवढा शेवट बदललास, मला सांगायचं तरी."