मसणवट्याचं छप्पर

लोणावळ्याला पाऊस किती पडतो ते मुंबईहून हवा खायला येणाऱ्यांना ठाऊक असतं. त्या पावसात माणूस मेलं तर त्याचं काय होतं, ते त्यांना ठाऊक नसतं. आम्हा गावातल्या बायकांनाही ते नीट ठाऊक नव्हतं. बायका मसणवट्यात जात नाहीत आणि पुरुष घरी येऊन सांगत नाहीत. मला कळलं ते सासूबाईंकडून.

आमचं मूळ गाव पवन मावळात, तिकोणा गडाच्या पायथ्याला. सासरे तिथून भाताच्या गाड्या भरून स्टेशनापर्यंत आणत. पुढे त्यांनी लोणावळ्यात बाजारपेठेत तांदळाचं दुकान घातलं. दुकान जरा चालायला लागलं आणि ते आषाढात गेले. सरण पेटेना. लाकडं ओली, वरून धार. लोकांनी घासलेट ओतलं, पुन्हा ओतलं, शेवटी कंटाळले आणि अर्धवट जळालेलं प्रेत ओढ्यात लोटून घरी आले. हे सासूबाईंना त्यांच्याच भावाने पुढे दारूच्या नशेत सांगितलं. सांगायला नको होतं. त्या बाईने उरलेला सगळा जन्म त्या एका गोष्टीची धास्ती घेऊन काढला.

मृग लागला की त्या जपून राहायला लागत. शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवत नसत, शिळं खात नसत, खोकला आला तर लगेच काढा. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "हसू नगं पोरी. मला मराया भ्या वाटत न्हाई. पर दसऱ्यापत्तूर म्या मरायची न्हाई. उन्हाळ्यात मरन, वाळल्या लाकडावर." दसऱ्याला सोनं वाटून झालं की त्यांच्या तोंडावर मोकळेपण येई. मग त्या वाटेल ते खात.

आमचे हे त्यांचे एकुलते एक. मराठी सात यत्ता शिकलेले. दुकानात पोत्यावर बसून ते तांदूळ मोजत आणि गिऱ्हाईक रडगाणं सांगत बसे, नळाला पाणी नाही, रस्त्यातला कंदील पेटत नाही, घरपट्टी जास्त लावली. हे ऐकून घेत आणि संध्याकाळी जाऊन कोणाशी तरी भांडून ते काम करून आणत. असं करता करता लोकांनीच त्यांना म्युनिसिपालिटीच्या कमिटीवर निवडून दिलं आणि पुढे ते प्रेसिडेंट झाले. प्रेसिडेंट म्हणजे मोठी गादी असं लोकांना वाटतं. आमच्या घरात त्याने एवढाच फरक पडला की चहा जास्त लागायला लागला. हे पहाटे उठून काठी घेऊन बाहेर पडत. त्या काठीने गटारं ढवळून बघत, कुठे तुंबलंय ते. बंगल्यांच्या रस्त्यापासून चांभारआळीपर्यंत सगळीकडे फिरत. कपड्यांना जो वास यायचा तो मलाच धुवावा लागे. मी बोलायची. ते म्हणायचे, गटार बघितल्याशिवाय गाव कळत नाही.

सासूबाईंना लेकाच्या प्रेसिडेंटपणाचं कौतुक एकाच कामापुरतं होतं. जेवायला बसले की त्या विचारत, "छपराचं काय झालं?" मसणवट्यात पत्र्याचं छप्पर घालायचं असं ह्यांनी निवडणुकीत सगळ्यांना सांगितलं होतं. चार खांब आणि वर पत्रे, एवढंच काम. बड्या व्यापारी मंडळींनी ओढ्याच्या वरच्या अंगाला आपल्या लोकांपुरतं असं छप्पर बांधलेलं होतं, त्याला दार होतं आणि दाराला कुलूप. बाकीचं गाव पावसात.

छपराला कोणाची ना नव्हती. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. ह्यांचं म्हणणं, छप्पर गावाच्या पैशाचं आहे, मग त्याखाली गावातलं कोणीही जळेल. मेंबर लोक म्हणाले, आधी आपलं करू, चांभारआळीचं पुढच्या साली निराळं करू. हे म्हणाले, पुढचं साल कधी येत नाही, मी ओळखून आहे तुम्हाला. एक मेंबर दुकानात येऊन मायेने समजावून गेले, "आज हो म्हणा, उद्या पत्रे येतील. एकाच छपराचा हट्ट कशाला धरता?" ह्यांनी हट्ट सोडला नाही. विषय मीटिंगला येई आणि तसाच परत जाई. असे दोन पावसाळे गेले.

मी ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं की जे मिळतंय ते घ्या. अर्धं छप्पर उघड्यापेक्षा बरं. ते म्हणाले, "ज्यांना अर्ध्यातून बाहेर ठेवायचं, त्यांना तू जाऊन सांग." मी उठून चुलीकडे गेले. पण मला ते पटलं होतं असं नाही.

सासूबाई श्रावणात पडल्या. जपूनही पडल्या, तापाने. बाहेर झड लागलेली, घरात कपडे शेगडीवर धरून वाळवायचे. त्यांना कळलं होतं. त्यांनी लेकाचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुज्या बाचं झालं तसं माजं करू नगंस. सबूद दे." ह्यांनी शब्द दिला. दुसरं काय करणार होते? मी तिथेच पायांना सुंठ चोळत बसले होते. सकाळी त्या गेल्या.

पडवीत माणसं जमली. रडणं मला फारसं जमत नाही, मी पाणी तापवायला ठेवलं. तेवढ्यात व्यापाऱ्यांतले एक वयस्कर गृहस्थ दोन मेंबरांना घेऊन आले. त्यांनी कुलपाची चावी आणली होती. म्हणाले, आमच्या लोकांनी ठरवलंय, प्रेसिडेंटसाहेबांच्या आईला उघड्यावर न्यायचं नाही. माणूस भला होता, त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं.

हे चावीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, आज आणखी कोणी आहे का? मेंबरांपैकी एकाने सांगितलं की स्टेशनच्या रस्त्यावर जोडे शिवणारा बसतो, त्याची बायको काल बाळंतपणात गेली, पाऊस थांबायची वाट बघत ते लोक बसलेत. हे म्हणाले, "मग आधी तिला नेऊ द्या. नंतर आईला नेतो."

त्या गृहस्थांनी मान खाली घातली. "साहेब, चावी तुमच्यासाठी आहे. तेवढंच माझ्या हातात आहे."

पुरुषांच्या बैठकीत बायकांनी बोलायची रीत नव्हती, पण मी मधल्या दारात उभी राहून म्हणाले, "त्यांनी तुमचा शब्द घेतलाय. घ्या चावी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला.

सासूबाई कोरड्या लाकडांवर जळल्या. ह्यांनी घरी येऊन आंघोळ केली आणि एवढंच सांगितलं की चांगलं झालं, काही उरलं नाही. बाकीचं मला बरोबर गेलेल्या माझ्या भावाने सांगितलं. खालच्या अंगाला ते चांभारआळीतले लोक सरणावर गोणपाट धरून उभे होते. चौघांनी चार कोपरे धरलेले. गोणपाट भिजून खाली लोंबायचं, ते पिळून पुन्हा धरायचे. त्यांचा धूर वर छपरात येत होता. हे सगळा वेळ तिकडे पाठ करून उभे होते.

तेराव्यानंतर हे दुकानात बसायला लागले. एक दिवस तो जोडे शिवणारा तांदूळ घ्यायला आला. मी मागे निवडत बसले होते. त्याचं डोकं भादरलेलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "आईचं नीट झालं ना, सायेब? समदं जळलं?"

टोमणा मारायला आला असता तर बरं झालं असतं. ह्यांना भांडता येत होतं. पण तो खरंच विचारत होता. ह्यांनी तांदूळ मोजून दिले आणि आत निघून आले. पिंपाजवळ उभे राहून पाणी प्याले, भांडं हातातच राहिलं.

पुढच्या मीटिंगला छपराचा विषय निघाला तेव्हा एक मेंबर हसून म्हणाला, साहेबांच्या घरची सोय झाली, आता काय घाई आहे? लोक हसले. पूर्वीचे हे असते तर टेबलावर काठी आपटली असती. त्या दिवशी त्यांनी विषय पुढे ढकलायला स्वतःच मान हलवली. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पत्रे मिळेनासे झाले. मुदत संपली तेव्हा हे पुन्हा उभे राहिले नाहीत. लोक घरी येऊन आग्रह करून गेले. हे म्हणाले, तब्येत बरी नाही. तब्येतीला काही झालं नव्हतं.

पहाटेचं फिरणं बंद झालं. काठी मी पुढे कपडे वाळत घालायला वापरली. तो जोडे शिवणारा रस्त्याने जाताना दिसला की हे उठून आत कोठारात जात, पोती मोजल्यासारखं करत. सबंध गावाची रडगाणी तोंडावर ऐकणारा माणूस एका गरिबापासून लपायला लागला, हे मला बघवेना.

म्हणून एकदा हे घरात नसताना मी त्या माणसाला दुकानापुढे थांबवलं आणि सरळ विचारलं, "आमच्या ह्यांचा राग आहे का तुम्हाला? असला तर बोलून टाका."

तो गोंधळला. मग म्हणाला, "राग कशाचा, वैनी? माजी आय असती आन कुनी मला चावी दिली असती, तर मी काय सोडली असती व्हय?" आणि पुढे म्हणाला, "पर सायबास्नी सांगा, लपू नका म्हनावं. आमच्या आळीचं गटार लय तुंबलंय. नव्या प्रेसिडेंटाला आमी दिसत न्हाई. आता कुनाला सांगायचं?"

मी त्याला वाकडं बोलायच्या तयारीने थांबवलं होतं. त्याला पायलीभर तांदूळ देऊ केले, तो ते न घेता गेला.

रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. राग नाही म्हणाला, चावी मीही घेतली असती म्हणाला, गटार तुंबलंय म्हणाला. हे घास हातात धरून ऐकत होते. मला वाटलं, उठतील. सकाळी काठी मागतील. मी ती वलणीवरून काढून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती.

सकाळी त्यांनी आंघोळ केली, कपाळाला गंध लावलं, दुकानाच्या किल्ल्या घेतल्या. जाता जाता म्हणाले, "त्याला म्हणावं, अर्ज कर."

मी काही निरोप पोचवला नाही. लपून राहण्यापेक्षाही तो निरोप वाईट होता. आळीचं गटार तसंच राहिलं आणि मी कपडे पुन्हा त्या काठीने वाळत घालायला लागले.