चकाकणारा पाव आणि सुनेचा डबा

ईस्टरच्या आठवड्यात भट्टीकाकांशी बोलायला जाऊ नये, हे इमारतीतल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. उत्तर मिळतं, नाही असं नाही, पण ते आपण विचारलेल्या प्रश्नाचं नसतं. "काय काका, बरं आहे ना?" म्हटलं की ते "खाली, दुसऱ्या ट्रेत" असं काहीतरी पुटपुटतात आणि कठड्याला धरून जिना चढू लागतात.

काका बेकरीत भट्टीपुढे उभे असतात. मिसरूड फुटलं तेव्हापासून उभेच आहेत, आता निवृत्ती हाकेच्या अंतरावर आली. भट्टीच्या बाजूचा गाल दुसऱ्या गालापेक्षा चांगला छटाभर काळा. काकू म्हणतात, दोन्ही गाल एका रंगाचे असलेला यांचा शेवटचा फोटो म्हणजे लग्नाचा. ईस्टर आला की सगळ्या वस्तीचं गोडधोड काकांच्या हातून जातं: वेणी घातलेले पाव, केक, चॉकलेटची अंडी. आणि काका घरी येतात तेव्हा त्यांना साखरेचा वाससुद्धा नकोसा झालेला असतो. त्यांचा ईस्टर म्हणजे रविवारी बेकरी बंद. खिडकीजवळची कुरकुरणारी खुर्ची, स्टुलावर पसरलेले पाय, त्या पायांवर ऊन, आणि कुणीही काहीही न मागणं. एवढ्यावर माणूस खूश.

पण यंदा त्या रविवारात एक गोष्ट अडकली होती. सुनेचा डबा.

सूनबाई व्हीगन. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधही नाही. चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे समोरच्याकडे अशी रोखून बघते की आपला नंबर वाढलाय की काय असं वाटावं. ख्रिसमसला ती पहिल्यांदा सासरी जेवली. काकूंनी भाजीत लोणी घातलं, "एवढंसं तर आहे, कळतंय कुणाला" म्हणून. तिला पहिल्या घासाला कळलं. बोलली काहीच नाही. फक्त त्यानंतर जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तेव्हा स्वतःचा डबा घेऊन आली. सगळे ताटात जेवतायत आणि ही आपल्या स्टीलच्या डब्यात, हसतमुखाने. काकूंना तो डबा टोचायचा. काकांना जास्त टोचायचा, कारण आयुष्यभर लोकांना खायला घालणाऱ्या माणसाच्या घरात सून बाहेरचं खाते.

म्हणून काकांनी स्वतः फोन केला. "ईस्टरला डबा आणू नकोस बाळा. पाव मी करतो. माझ्यावर सोड."

पलीकडून, "बरं, बाबा."

शनिवारी शेवटच्या खेपेच्या वेण्या घालून झाल्यावर काकांनी बेकरीतच आपलं पीठ मळायला घेतलं. भांडं दोनदा घासलं. लोण्याऐवजी तेल, दुधाऐवजी ओटचं दूध. वरून लावायला कपात साखरेचं पाणी करून ठेवलं, आणि ते लावायला नवाकोरा ब्रश विकत आणून शर्टाच्या खिशात ठेवला. वेणी घातली. आपला ट्रे इतर ट्रेंच्या शेवटी सरकवला. पुढचं त्यांना नीट आठवत नाही. पाय दगडासारखे झाले होते. भट्टीतून काढलेला पाव फडक्यात गुंडाळून ते घरी आले, आणि मोजेही न काढता आडवे झाले.

रविवारी सकाळी काकू चर्चला गेल्या. काकांनी चहा टाकला, ओटच्या दुधाचा. त्याला ते चारचौघांत नावं ठेवतात, पण एकटे असले की दोन कप पितात. कप खिडकीत ठेवला, खुर्चीत टेकले, आणि पाव एकदा बघावा म्हणून फडकं उलगडलं.

पाव चकाकत होता. काचेसारखा.

साखरेच्या पाण्याला अशी चकाकी येत नाही. अशी चकाकी फेटलेलं अंडं देतं, आणि दुसरं कुणी देत नाही. काकांनी खिशात हात घातला. नवा ब्रश तिथेच होता, वेष्टनही न फाडलेला. म्हणजे वेण्यांच्या रांगेवरून अंड्याचा जुना ब्रश फिरवत फिरवत हात शेवटपर्यंत गेला होता. डोळे झोपले होते. हात तेवढा इमानदारीत काम करत राहिला. चहा कपातच निवला.

काकू परतल्या तेव्हा परातीत कोरडं पीठ होतं आणि काका त्याच्याकडे बघत बसले होते.

"अहो, हे काय मांडलंय?"

"नवीन करावा म्हटलं. खमीर बेकरीत राहिलं. आणि हातही उचलत नाहीत."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, पाव खालीवर करून पाहिला. "मग काय आभाळ कोसळलं? वरवर तर फासलंय. गप्प बसा. शपथेवर सांगते, कळायचं नाही तिला."

"लोण्याच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

"म्हणजे फिरून फिरून माझ्यावरच!"

"तुझ्यावर नाही गं. या वेळी मीच आहे."

काकू यावर चक्क गप्प बसल्या. इमारतीत कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण बसल्या. मग पदर खोचून बटाटे चिरायला लागल्या. लसूण, तेल, मीठ लावून बटाटे भाजायला गेले. शेजारच्या शेगडीवर टोमॅटो घातलेलं घेवड्याचं सूप रटरटत होतं. घरभर खमंग वास सुटला. एरवी या वासावर काका पेंगले असते. आज दाराकडे बघत बसले होते.

बेल वाजली. काका पाय ओढत गेले आणि दार उघडून दारातच उभे राहिले.

"आत ये. नको, थांब. आधी ऐक."

"बाबा, बरं नाही का तुम्हाला?" सूनबाईंनी रोखून पाहिलं.

"पावाला अंडं लागलं. माझ्या हातून. आत नाही, वरून. पण लागलं."

"अहो बाबा, आत तरी घ्या आम्हाला," मागून मुलगा हसला.

"आत बसवून सांगितलं असतं तर तिला उठून जाणं अवघड झालं असतं."

"मुद्दाम नाही ना केलं?" तिने विचारलं.

"मुद्दाम केलं असतं तर पाव असा चकाकू दिला असता का?"

तिने मान खाली घालून पिशवीत हात घातला आणि डबा बाहेर काढला. कान लालेलाल. "तुम्ही नको म्हणालात, तरी मी आणलाच. सॉरी, बाबा."

"बघा!" आतून काकू कडाडल्या. "आणि हे सकाळपासून चहासुद्धा प्यायले नाहीत!"

"बरं केलंस आणलास," काका म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "तुझ्या जागी मीही आणला असता."

डब्यात तिने स्वतः भाजलेला पाव होता. पहिलाच. काकांनी तो उचलला, उलटा करून बुडावर बोटाने ठोकला. भाजलेला पाव पोकळ वाजतो. हा भिंतीवर ठोकल्यासारखा वाजला.

"फुगला नाही," ती म्हणाली. "मधे जरासा कच्चा आहे."

"जरासा?"

"याने तर दरवाजा अडवून ठेवता येईल," मुलगा म्हणाला, आणि सूनबाईंनी त्याला कोपर मारलं.

काकांनी पावाच्या पातळ चकत्या केल्या आणि तव्यावर तेलात दोन्हीकडून कुरकुरीत होईपर्यंत परतल्या. सूप, बटाटे, चकत्या. चौघं ताटात जेवली. मध्येच काकू सुनेच्या ताटात बटाटे वाढता वाढता थांबल्या. "नुसतं तेल आहे हं. देवाशप्पथ."

"माहितीये, आई. वाढा."

चकाकणारा पाव शेजारी गेला. शेजाऱ्यांनी लाजेखातर एकदा नाही म्हटलं, आणि मग चहाबरोबर अख्खा संपवला.

जेवण झाल्यावर बिनदुधाचं काळं चॉकलेट फुटलं. काका खुर्चीत, पाय स्टुलावर, पायांवर ऊन. सूनबाई खाली चटईवर बसून विचारत होती, पीठ किती वेळ मळायचं, कुठे ठेवायचं.

"सैल ठेव," काका डोळे मिटून सांगत होते. "हाताला चिकटलं तरी घाबरायचं नाही. वरून पीठ टाकत बसू नको."

"आणि फुगायला कुठे ठेवायचं, बाबा?"

"खाली, दुसऱ्या ट्रेत," काका म्हणाले, आणि घोरायला लागले.

जाग आली तेव्हा ऊन पायांवरून भिंतीवर गेलं होतं. पोरं निघून गेली होती. घरात नळाच्या थेंबाचा आवाज तेवढा. ओट्यावर, धुतलेल्या ताटांच्या शेजारी, स्टीलचा डबा पालथा ठेवलेला दिसला.

"डबा विसरली वाटतं."

"विसरली नाही," काकू उशीला अभ्रा घालता घालता म्हणाल्या. "आपल्या कपाटात याला जागा होईल का, विचारत होती."

काका उठू लागले. गुडघ्यांनी नकार दिला, तसे पुन्हा बसले.

"आहे ना," ते म्हणाले. "जरा वेळाने ठेवतो."