युग्लीनाची शेपटी

चूक माझीच होती. सोलापूरच्या आमच्या शाळेत एका मुलीने युग्लीना या सूक्ष्मजीवाचा पोहण्याचा चाबकासारखा तंतू आकृतीत पुढच्या टोकाला काढला. मी फुली मारली. "मासा काय शेपटी तोंडाला लावून पोहतो?" वर्ग हसला.

"सर, भावाच्या कॉलेजात मी मायक्रोस्कोपमधून बघितलंय की!"

"उलट बोलतेस?" मी तिला तासभर उभं केलं.

घरी पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर होतं. वीस वर्षं मी तो तंतू फळ्यावर मागेच काढत आलो होतो! स्वतःचा भयंकर संताप आला.

"जाऊ द्या की सर, पोरं डोक्यावर बसतील," असं, मी वर्गात चूक कबूल करणार म्हटल्यावर, सहकारी म्हणाले, तेव्हा त्यांच्यावरही ओरडलो.

मग भरल्या वर्गात तिला म्हणालो, "बाळ, तू खरं सांगत होतीस. मी न बघताच तुला खोटं पाडलं. मला माफ कर."