पाव फेरा माझ्याकडून

बोल्ट आवळून व्हायचा, पाना अडायचा, बघणाऱ्याला वाटायचं की झालं काम. तेवढ्यात मिस्तरी श्वास रोखून खांदा थोडा पुढे टाकायचा आणि म्हणायचा, "आणि हा पाव फेरा माझ्याकडून." बत्तीस वर्षं दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोटरसायकलला त्यानं हा पाव फेरा दिला होता. शेजारच्या वेल्डरनं तर त्याचं नावच पाव-फेरा ठेवलं होतं. समोर मात्र तो 'दादा' म्हणायचा.

घरीही तोच प्रकार. मिस्तरीनं बंद केलेला नळ उघडायला मिस्तरीच लागायचा. डब्यांची झाकणं त्यानं लावली की घरातली माणसं त्या डब्यांची आशा सोडत. लग्नानंतर पहिलं घर बदललं तेव्हा त्यानंच जोडलेला पलंग सुटेना. शेवटी पलंगाचा एक पाय कापावा लागला, आणि त्या पायाखाली ठेवलेली वीट दुसऱ्या घरात आणि मग तिसऱ्या घरातही गेली. बायको हे सगळ्यांना हसत सांगायची. तोही हसायचा, पण शेवटी म्हणायचाच, "पण हलला का पलंग कधी? नाही ना!"

माणूस एका जागी टेकणारा नव्हता. जेवताना गुडघा हलायचा, बोलताना हातातला पाना या हातातून त्या हातात जायचा. गेली दोन वर्षं ही घालमेल जास्तच वाढली होती, आणि त्याचं कारण त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. शर्टाचं बटण हाताला लागलं की नाही हे बघितल्याशिवाय कळेना. तो मधूनच अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून बघायचा. काही जाणवलं की बरं वाटायचं, नाही जाणवलं की उठून चकरा मारायचा. हात गेले तर मिस्तरी कशाला म्हणायचं आपल्याला, हा एकच भुंगा डोक्यात असायचा.

गॅरेज म्हणजे दोन गाळे. मागच्यात काम, पुढच्यात काउंटर. काउंटरवर बायको बसायची आणि स्पेअर पार्ट विकायची. तिचं एक खूळ होतं. काम संपलेल्या गाडीच्या आवळलेल्या बोल्टांवर ती नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची. "कशाला गं हा शृंगार?" असं त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "कुठला झाला, कुठला राहिला, ते कळतं." त्यानं तो विषय तिथंच सोडला. गिऱ्हाइकांना ते ठिपके आवडायचे.

त्या दिवशी सकाळी जमिनीची मोजणी करणारा एक सरकारी मोजणीदार पिवळीधमक मोटरसायकल घेऊन आला. गाडी जुनी होती, पण रंग, टाकी आणि सीट सगळं नवं. महिन्यापूर्वी त्यानं ती एका दलालाकडून घेतली होती. इंजिनाचं ऑइल बदलायचं होतं, एवढंच.

"घरीच बदलणार होतो," मोजणीदार ओशाळून म्हणाला, "पण खालचा बोल्ट निघेना. पाना लावला तर त्याचे कोपरेच गेले."

मिस्तरी गाडीखाली आडवा झाला. ऑइल सोडायचा बोल्ट तो, इंजिनाच्या पोटाखालचा. सहा कोपऱ्यांपैकी दोन जेमतेम उरले होते. त्यानं पाना बसवला, जोर दिला, पाना गर्रकन फिरला आणि उरलेले दोनही गेले. बोल्ट जागचा हलला नाही.

"कुणी आवळलाय हा?" तो खालूनच ओरडला. "माणसानं की रेड्यानं?"

"सापडला तर मला नाव सांगा त्याचं," मोजणीदार म्हणाला. "जाऊन विचारतोच."

"सांगणार! काम बघून माणूस ओळखतो मी. संध्याकाळी या. गाडी तयार असेल आणि त्या गाढवाचं नावही."

मोजणीदार गेला. मिस्तरीनं बोल्टाच्या कडेनं डिझेल सोडलं. आता तासभर थांबायचं होतं, डिझेल आत मुरायला. पण थांबणं म्हणजे त्याला शिक्षाच. तो दारापर्यंत गेला, परत आला, भिंतीवरचे पाने मोजले, धार असलेल्या छिन्नीला पुन्हा धार लावली. दर दोन मिनिटांनी वाकून बोल्टाकडे बघत होता.

"अहो, बसा ना जरा," बायको काउंटरवरून म्हणाली.

"बसून बोल्ट निघतो का?"

"मग उभं राहून निघतो?"

तास व्हायच्या आत त्यानं छिन्नी तिरकी धरली आणि हातोडी चालवली, बोल्टाचं डोकं उलट्या दिशेनं सरकावं म्हणून. चौथ्या घावाला बोल्टाची कड तुटून उडाली. पाचवा घाव अंगठ्यावर बसला. तो तसाच पुढचा घाव घालायला निघाला होता.

"अहो! रक्त येतंय."

त्यानं बघितलं. अंगठ्यावरून रक्ताची धार मनगटापर्यंत आली होती. त्याला काहीही कळलं नव्हतं. पण तोंडानं तो म्हणाला, "हां, लागलं वाटतं. कामात लक्षच नव्हतं." बायकोनं फडकं आणून अंगठा बांधला. बांधताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती आणि तोही तिच्याकडे बघत नव्हता.

"छिन्नी नको आता," ती एवढंच म्हणाली. "केसिंगला तडा गेला तर इंजिन वाया जाईल. वेल्डरभावजींना बोलवा."

हे त्यालाही कळत होतं. फक्त कुणाला बोलवायची त्याला सवय नव्हती.

वेल्डर आला तो हसतच. मिस्तरीनं वरच्या तोंडातून नळी घालून ऑइल ओढून काढलं, पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली, बॅटरीच्या तारा सोडल्या. गाडी कुशीवर निजवली. वेल्डरनं त्या गोल झालेल्या बोल्टावर एक नवा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून टाका मारून दोघांना एक केलं. निळा उजेड पडला, जळक्या ऑइलचा वास सुटला.

"दादा, पाच मिनिटं हात लावायचा नाही. तापलेला बोल्ट तुटेल."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही, ओळखतो तुम्हाला." वेल्डर तोंडावरची काळी काच वर करून म्हणाला. "पण खरंच, असा आवळलाय कुणी? मी तर म्हटलं तुम्हीच असणार."

"मी? अरे, आवळणं वेगळं आणि गळा दाबणं वेगळं! माझा पाव फेरा मोजलेला असतो. हा कुणीतरी हाताला अक्कल नसलेला माणूस आहे. असल्यांना पान्याला शिवू देऊ नये. घरी बसवावं."

बायको काउंटरवर बल्बच्या पेट्या लावत होती. तिचा हात थांबला.

वेल्डर त्याच्या कामाला गेला. मिस्तरीनं पाचाऐवजी तीन मिनिटं कशीबशी काढली आणि नव्या नटाला पाना लावला. करकर आवाज झाला. बोल्ट हलला. "आला!" तो ओरडला, जसा काही पहिलाच बोल्ट काढत होता. फेरा, दुसरा फेरा, आणि बोल्ट फडक्यात पडला.

बोल्टाच्या आट्यांमध्ये रुपेरी तार गुंडाळलेली होती. ती तार म्हणजे इंजिनाच्या केसिंगचे, त्या ॲल्युमिनियमच्या कवचाचे, आटे. ॲल्युमिनियम मऊ असतं. फार आवळलं की आतले आटे ओरबाडले जातात, आणि मग ना धड घट्ट होतं, ना धड सुटतं. मिस्तरी चुकचुकला आणि त्यानं बोल्ट पुसायला घेतला. पुसता पुसता तांब्याचा वॉशर उघडा पडला. विकतच्या वॉशरपेक्षा जाड होता तो, आणि काठावर कानशीची एक बारीक खाच होती.

असे वॉशर तो स्वतः पत्र्यातून कापायचा. खाच त्याची होती. दुसरं कुणीही अशी खाच करत नव्हतं.

तो उभाच राहिला. त्याचा गुडघा हलत नव्हता. एवढं बायकोच्याही लक्षात आलं, म्हणून ती उठून मागे आली. त्यानं वॉशर तिच्यापुढे धरला.

"माझा आहे."

"हो," ती म्हणाली. "सकाळीच ओळखलं मी. आपल्याकडे दुरुस्तीला आलेली त्या फोटोग्राफरची काळी गाडी ही. रंग बदलला तरी हँडलचा वाक तोच आहे."

"मग याच्यावर तुझा लाल ठिपका कुठं आहे? पुसला असेल."

तिला 'हो' म्हणता आलं असतं. तिच्या ओठांवर ते आलंही होतं.

"तो पुसला जात नाही," ती म्हणाली. "मी लावलाच नव्हता. ती गाडी इथं आली त्या आठवड्यात मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते."

"ठिपक्याचा आणि आवळण्याचा काय संबंध?"

"तुम्ही हात धुवायला गेलात की मी एकेक बोल्ट बघते. जास्त आवळलेला असला तर लांब दांड्याच्या पान्यानं सोडवून पुन्हा बसवते. मग ठिपका देते."

"कधीपासून?"

"उकळत्या चहाचा पेला धरून तुम्ही गप्पा मारत बसला होतात आणि बोटांना फोड आले होते, तेव्हापासून. दोन वर्षं होतील."

मिस्तरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या मागं माझं काम तपासतेस? बत्तीस वर्षं... आणि तू मला..." तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. पाने भिंतीवर ओळीनं टांगलेले होते. यातल्या कुठल्या पान्यानं आपण काय केलं आहे ते आपल्याला कळलेलं नाही, दोन वर्षं कळलेलं नाही, हे त्याला आता कळलं आणि त्याला भयंकर लाज वाटली. लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. ते वर यायला वेळ लागला. दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती.

"सांगायचं नाही होय?" तो दारातूनच म्हणाला.

"कसं सांगू? तुम्ही घरी बसला असतात तर मेला असतात." ती म्हणाली. "आणि मला तुम्ही हवे आहात."

थोड्या वेळानं तो मागच्या गाळ्यात आला. काम तर उरकायचं होतंच. केसिंगला एक माप मोठे आटे पाडायचे आणि मोठा बोल्ट बसवायचा. आटे पाडायचा टॅप त्यानं दांड्यात अडकवला, भोकावर टेकवला आणि थांबला. टॅप सरळ जातोय की वाकडा, हे बोटांनाच कळतं. त्यानं अंगठा तर्जनीवर घासला. काही नाही.

"इकडे ये," तो म्हणाला. "धर. दाबू नकोस. अर्धा फेरा पुढे, मग पाव मागे."

"पाव मागे?"

"चुरा मोकळा होतो. मागे नाही आलीस तर टॅप आत तुटेल."

ती जमिनीवर बसली. अर्धा पुढे, पाव मागे. तो तिच्या डोक्यावरून वाकून बघत होता, या पायावरून त्या पायावर होत होता, तोंडानं 'थांब, सरळ, हां' चालूच. आटे पडले. तिनं भोक पुसलं, नवा वॉशर घातला, बोल्ट आवळला. पाना अडला. त्याचा खांदा सवयीनं पुढे गेला. तिनं मान वर करून बघितलं.

"बस," तो म्हणाला. "झालं."

मग तो काउंटरवर गेला, नेलपॉलिशची बाटली घेऊन आला आणि तिनं आवळलेल्या बोल्टावर त्यानं लाल ठिपका दिला. ठिपका थोडा बाजूलाही पसरला.

संध्याकाळी मोजणीदार आला. गाडी चालू करून बघितली, खाली वाकून बोल्ट बघितला, खूश झाला.

"मग? सापडला का तो गाढव?"

बायको घाईनं काउंटरवरून पुढे झाली. "अहो, जुन्या गाड्यांचं काय..."

"सापडला," मिस्तरी म्हणाला. "इथलाच आहे. आजपासून आवळायचं काम त्याच्याकडून काढून घेतलंय."

मोजणीदारानं गाळ्यात इकडेतिकडे बघितलं. "पण तुमच्याकडे माणूस आहे कुठं? तुम्ही दोघंच तर दिसता."

"दोघंच आहोत," मिस्तरी म्हणाला आणि भिंतीवरचा पाना काढून त्यानं बायकोच्या हातात दिला.