कपाटातलं कृष्णविवर

"अहो, बाहेर या! मला लग्नाला जायचंय आणि साडी आत आहे!" बायको कपाटाचं दार बडवत होती. मी आत गोधड्यांमध्ये बसून कृष्णविवरावरचं पाच मिनिटांचं भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. आमच्या बाळकुमला नव्या इमारतींचं ड्रिलिंग असं चालतं, की चंद्रावरची धूळही उडत असणार. शांतता उरलीय ती फक्त कपाटात. सकाळपासून मी शंभरदा तरी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली होती आणि घामाने माझं लोणचं झालं होतं. इंटरनेटवर टाकलेलं माझं एकही भाषण घरात कुणी आजवर ऐकलेलं नाही. बाहेर पडून, उरलेल्या आवाजात मी विचारलं, "हे तरी ऐकशील का गं?"

साडी ओढून काढत ती म्हणाली, "पाठ झालंय मला. दार पातळ आहे."