पिंपळाची पाच पानं

उरवड्याच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. खोकी चिकटवून बोटांची सालं निघायची, त्यात माझा स्वभाव मुळातच तापट. दिवसातून एकदा तरी कुणाशी वाजायचंच. तिथल्या एका इंजिनिअर साहेबांकडे टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर होता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बेसिक ही प्रोग्राम लिहायची सोपी भाषा कागदावर शिकवली होती. दिवाळीला गावी जाताना त्यांनी तो कॉम्प्युटर दहा दिवसांसाठी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मी परत येईन तेव्हा थेट मशीनच्या भाषेत लिहिलेलं काहीतरी चालवून दाखव. मग कॉम्प्युटर विभागासाठी तुझं नाव सुचवतो." तोवर माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता.

मशीनच्या भाषेत लिहायचं तर असेंबलर हवा, म्हणजे आपण अक्षरांत लिहिलेल्या आज्ञांचे मशीनला कळणारे आकडे करून देणारा प्रोग्राम. विकतचा आमच्या ऐपतीबाहेरचा. पण साहेबांच्या एका परदेशी मासिकात अख्खा असेंबलर फुकट छापला होता. नुसते आकडे! सहाशेच्या वर ओळी, प्रत्येक ओळीत आठ आकडे आणि शेवटी त्यांची बेरीज. बेरीज जुळली तरच मशीन ओळ घेणार. मेमरीत काय भरलंय ते बघायचा छोटा प्रोग्राम साहेबांनी वहीत लिहून दिला. टेपरेकॉर्डर मामाचा. आणि सगळं साठवायला आईने भीमगीतांच्या कॅसेटची कोरी बाजू दिली.

वाचायला बसले आबा, माझे वडील. ते गवंडीकाम करायचे. घोटावड्याच्या आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ तेच वाचत, आणि समाप्ती होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. कामावरून आले की हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून ते मासिक मांडीवर घेत आणि "दोनशे पाच, शून्य, तेहतीस" असं खणखणीत वाचत. मी टाइप करी. वाचन थांबलं की तिथे पिंपळाचं वाळलेलं पान ठेवत. दुसऱ्या दिवशी नवं पान, जुनं तसंच. विहारातही प्रत्येक दिवसाचं पान समाप्तीपर्यंत राही, ज्याची एखादी संध्याकाळ चुकली त्याला कळावं म्हणून.

"आबा, दुसऱ्याचं मासिक हाय. डाग पडत्याल," मी कुरकुरले.

"वाळल्याली हायेत, न्हाई पडत," म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

सहा संध्याकाळी गेल्या. एकही बेरीज चुकली नाही. सातव्या दिवशी असेंबलर सुरू केला तर टीव्हीचा पडदा पांढरा झाला आणि मशीन गप्प. कॅसेटवरून पुन्हा भरलं, पुन्हा तेच. तीन दिवसांनी साहेब येणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमीच कायतरी चुकीचं वाचलंय!" मी ओरडले. "जमत न्हाई तर बसायचं कशाला?"

आई चुलीपाशी थबकली. आबा शांतपणे म्हणाले, "मी परत वाचतो. तू पडद्यावर बघ."

साहेबांच्या छोट्या प्रोग्रामने मेमरीतले आकडे पडद्यावर आणले आणि आम्ही पहिल्या ओळीपासून ताडून बघत निघालो. पिंपळाचं पहिलं पान येईपर्यंत सगळं बरोबर. त्या पानाच्या आधीची ओळ मात्र मेमरीत दोनदा होती.

"आबा, ही वळ दोन डाव कशी?"

"दोन डावच वाचली की. कालची शेवटची वळ परत वाचल्याबिगर फुडं जायचं नसतं. ऐकणाऱ्याला धागा लागाया नको?"

मशीनला कसला धागा! बेरीज जुळतेय म्हणून तिने ती ओळ मुकाट्याने दुसऱ्यांदा घेतली होती, आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा आठ घरं सरकला होता. असं रोज.

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजी चूक माजीच व्हय. आता समदं परत घालायचं?"

तेवढे दिवसच उरले नव्हते. मग माझं लक्ष मासिकाकडे गेलं. पाच पानांचे देठ कडेने बाहेर डोकावत होते. जिथे पान, तिथेच जास्तीची ओळ. शोधाशोध करायलाच नको. चार ओळींचं बेसिक लिहून मी पुढचे आकडे पाच वेळा मागे सरकवले, आणि असेंबलर चालला. ज्या पानांवरून मी कुरकुरले होते त्यांनीच मला तारलं.

उरलेल्या दोन दिवसांत मालाचे नंबर क्रमाने लावणारा प्रोग्राम लिहिला. साहेबांनी तो तीनदा चालवून पाहिला आणि महिनाभरात माझी खोकी सुटली. साहेबांना दाखवून घरी आले त्या संध्याकाळी आईने खीर केली, समाप्तीला करतात तशी. पहिली वाटी मी आबांना दिली आणि पाया पडले. ओरडल्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं.

"अगं, गार व्हईल. खा आदी," आबा म्हणाले.

पुढे जन्मभर प्रोग्राम लिहूनच पोट भरलं. मासिक, टेपरेकॉर्डर, कॅसेट, सगळं मला फुकट मिळालं, पण आबांचा आवाज मिळाला नसता तर मी आजही खोकीच चिकटवत असते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही सकाळी कामाला बसले की कालची शेवटची ओळ मी आधी मोठ्याने वाचते. परत लिहीत मात्र नाही.